फ्रेंच ओनियन सूप, पाच शनिवार

शनिवार, ४ जानेवारी

रेस्टॉरंटमध्ये खाल्लेलं ते सूप डोक्यातून जात नाही. वर फुगून डागाळलेलं चीज, चमच्याने फोडलं की खालून येणारी वाफ, भिजूनही अंग धरून असलेला पाव, आणि त्याच्याखाली गडद, ओठांना किंचित चिकटणारं सूप. घरी आजवर दोनदा केलं. दोन्ही वेळा तपकिरी गोड पाणी आणि त्यात तरंगणारा कांदा. आता हे नीट शिकायचं ठरवलंय. दर शनिवारी एकदा करायचं आणि वजन, वेळ, आच सगळं इथे लिहायचं.

आजचं माप: सोललेले कांदे १४०० ग्रॅम, उभे चिरून, काप साधारण ३ मिलिमीटर. बटर ६० ग्रॅम, तेल एक चमचा, मीठ एक छोटा चमचा. पाककृतीत लिहिलं होतं, कांदा तांबूस व्हायला पंचवीस मिनिटं. पंचवीस मिनिटांनी कांदा नुसता मऊ आणि पिवळसर होता. मग आच वाढवली. पुढच्या दहा मिनिटांत पातळ कडा काळ्या पडल्या आणि मधला कांदा तसाच राहिला. चाळीस मिनिटांवर थांबले, १५० मिली कोरडी व्हाइट वाइन घातली, दीड लिटर पाण्यात तयार स्टॉकच्या (हाडं-भाज्या शिजवून गाळलेल्या रसाच्या) वड्या विरघळवून ओतल्या.

आईने दोन चमचे घेतले. म्हणाली, "गोड आहे गं, पण मागे जिभेवर काही उरतच नाही. आणि तो कडवटपणा कशाचा?"

कडवटपणा करपलेल्या कडांचा. पण "मागे काही उरत नाही" हे तिने बरोबर पकडलं. पुढच्या सगळ्या प्रयोगांत हेच शोधायचं आहे.

रविवार, ५ जानेवारी

आज शिजवलं काही नाही, फक्त हिशोब केला. कांद्यात सुमारे ८९ टक्के पाणी असतं. म्हणजे माझ्या १४०० ग्रॅम कांद्यात जवळजवळ सव्वा किलो पाणी. ते पातेल्यात आहे तोवर कांद्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसं वर जाऊच शकत नाही, कारण सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. आणि रंग-चव देणाऱ्या क्रिया त्याच्या वरच्या आहेत. कांद्यातलं फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपास कॅरमेल व्हायला लागतं, साधी साखर १६० च्या आसपास. साखर आणि अमिनो आम्लं मिळून भाजका रंग-वास देतात ती मायार अभिक्रिया (लुई-कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये वर्णन केलेली) खरा वेग पकडते ती १४० च्या पुढे.

म्हणून आच वाढवल्यावर काल तसं झालं. ज्या कडांतलं पाणी आधी गेलं त्या एकदम वर चढून करपल्या, आणि मधला कांदा अजून १०० अंशांवर उकडतच होता. पंचवीस मिनिटांत सव्वा किलो पाणी घालवून वर सगळा कांदा सारखा रंगवणं घरच्या एका शेगडीवर होत नाही. अशा वेळा छापणाऱ्यांनी एकदा घड्याळ लावून करून पाहावं, असं मनापासून वाटतं. नवखा माणूस रंग न आल्याचा दोष स्वतःच्या हाताला देतो.

शनिवार, ११ जानेवारी

आज वेळेची बंदी ठेवली नाही. सकाळी साडेदहाला सुरुवात.

भांडं बदललं. मागच्या वेळी नॉनस्टिक होतं, त्याला काहीच चिकटत नाही आणि या सूपमध्ये चिकटायलाच हवं. आज जाड बुडाचं स्टीलचं पसरट पातेलं. ओतीव लोखंडाचं काळं भांडंही घरात आहे, पण त्याच्या बुडाचा रंग दिसत नाही. आज सगळं लक्ष बुडाकडेच द्यायचं होतं.

पहिली वीस मिनिटं मीठ घालून, झाकण ठेवून. मिठाने पाणी लवकर सुटतं, कांदा स्वतःच्याच पाण्यात मऊ होतो आणि पातेल्यात निम्म्यावर बसतो. मग झाकण काढलं, आच मध्यमच्या जरा खाली. चाळीस मिनिटांवर पाणी आटलं आणि आवाज बदलला. आधी खदखद होती, आता चरचर. इथून पुढे उठून जायचं नाही.

पन्नास मिनिटांवर बुडाला पहिला तपकिरी थर धरला. पूर्वी मी हे होऊ नये म्हणून सारखं ढवळत राहायचे. आज मुद्दाम ढवळणं थांबवलं, दोन-तीन मिनिटं लागू दिलं, थर लालसर तपकिरी झाला की तीन चमचे पाणी टाकलं आणि सरळ कडेच्या लाकडी कालथ्याने बूड स्वच्छ खरवडलं. तो सगळा थर पाण्यात विरघळून कांद्यावर गेला आणि कांदा एका पायरीने गडद झाला. पाणी आटलं, पुन्हा लागू दिलं, पुन्हा खरवडलं. असं सहा वेळा. प्रत्येक वेळी कांद्याचा रंग थोडा पुढे सरकतो, आणि कुठलाही एक काप करपत नाही, कारण भाजणं बुडावर होतंय आणि कांदा तो रंग पिऊन घेतोय.

यात नजर कसली हवी, तर बुडाच्या थराचा रंग ओळखायची. लालसर तपकिरी असेल तर पाणी टाका. काळसर ठिपके आणि तिखट धूर यायला लागला तर उशीर झाला. चौथ्या वेळी मी जरा उशीर केला. एका कोपऱ्यात काळं धरलं, तो भाग खरवडला नाही, तसाच सोडून बाकीचा कांदा दुसऱ्या पातेल्यात काढला. करपलेलं खरवडून आत घेतलं असतं तर सगळंच कडू झालं असतं.

एकूण दोन तास दहा मिनिटं. शेवटी वजन ३७० ग्रॅम. चौदाशेचे तीनशे सत्तर! रंग जुन्या सागवानी लाकडासारखा, सगळीकडे सारखा. नुसता चमचाभर खाल्ला तर गोडीमागे चक्क मांसासारखी, खोल चव. कांद्यातल्या गंधकयुक्त पदार्थांपासून शिजताना अशी चव देणारी संयुगं बनतात, हे वाचलं होतं. आज जिभेला कळलं.

मग वाइन. या वेळी ती पातेलं जवळजवळ कोरडं होईपर्यंत आटवली. अर्धवट आटलेली वाइन सूपमध्ये बोचते. पुढे मात्र पुन्हा त्याच वड्यांचं पाणी घातलं, आणि तिथे सगळं पातळ झालं. कांदा आता उत्तम, आणि त्याच्याभोवती खारट पाणी.

आणखी एक: कांदा मुळापासून शेंड्यापर्यंत उभा चिरला की काप आकार धरून राहतो, हे बरोबर आहे. पण लांब काप चमच्याबाहेर लोंबतात आणि खाताना हनुवटीवर सूप सांडतं. पुढच्या वेळी आधी कांदा आडवा अर्धा करून मग उभे काप.

मंगळवार, १४ जानेवारी

छोटा प्रयोग, ४०० ग्रॅम कांदा. चिमूटभर खायचा सोडा टाकला, कारण क्षारयुक्त वातावरणात मायार अभिक्रिया वेगाने होते. खरंच वीस मिनिटांत गडद रंग. पण सोड्याने पेशी धरून ठेवणारं पेक्टिनही विरघळतं, त्यामुळे कांद्याचा लगदा झाला आणि चवीत साबणासारखी झाक आली. पावावर पसरायला चालेल. सूपमध्ये कांदा चमच्यात कांदा म्हणून यायला हवा. सोडा बाद.

शनिवार, १८ जानेवारी

आजचा दिवस फक्त स्टॉकचा. कांदा शिवायचाही नाही असं ठरवलं होतं आणि पाळलं.

फ्रान्समध्ये मुरलेल्या रेस्टॉरंटी पद्धतीत बीफ किंवा वासराच्या हाडांचा स्टॉक असतो, सहा-आठ तास मंद शिजलेला. मी कोंबडीचा केला. पंख १ किलो आणि पाय ५०० ग्रॅम. पाय यासाठी, की त्यांत कातडी आणि कुर्चा भरपूर, म्हणजे कोलॅजन हे प्रथिन भरपूर, आणि ते तासन्‌तास गरम पाण्यात राहिलं की त्याचं जिलेटिन होतं. ओठांना चिकटणारा तो दाटपणा याच जिलेटिनचा आहे. वडीच्या स्टॉकमध्ये मीठ आणि चव असते, हे नसतं.

पंख २२० अंशांवर ४५ मिनिटं भाजले, मध्ये एकदा उलटून, शेवटच्या दहा मिनिटांत त्यांना एक चमचा टोमॅटो पेस्ट चोळली. ट्रेला चिकटलेलं सगळं पाणी टाकून खरवडून घेतलं. इथेही तेच काम, लागलेलं सोडवून आत घेणं. सगळं तीन लिटर थंड पाण्यात. उकळी येऊ देत नाही, पृष्ठभागावर एखाद-दुसरा बुडबुडा फुटेल एवढीच आच. उकळलं तर चरबी पाण्यात मिसळून स्टॉक गढूळ आणि तेलकट होतो. पहिल्या अर्ध्या तासात वर येणारा फेस पळीने काढत राहिले. तीन तासांनी गाजर, सेलरी, कांद्याचा एक अर्धा भाग, तमालपत्र, थाईम या सुगंधी पाल्याच्या काड्या. चौथ्या तासाच्या शेवटी गाळला. मीठ अजिबात नाही. पुढे आटवायचा आहे, वर चीज खारट आहे, मीठ शेवटी बघू.

पावणेदोन लिटर मिळाला. पातेलं थंड पाण्यात ठेवून लवकर निववलं आणि फ्रिजमध्ये.

रविवार, १९ जानेवारी

सकाळी झाकण काढलं तर वर चरबीचा पिवळा थर आणि त्याखाली थरथरणारी जेली. पातेलं हलवलं तर हलते, तिरपं केलं तर सांडत नाही. आईला बोलावून दाखवली.

दुपारी कांदा केला, ११ तारखेच्या पद्धतीने, या वेळी पाच खरवडींत. त्यात १५० मिली वाइन आटवून, मग सव्वा लिटर स्टॉक, थाईम, तमालपत्र, मंद आचेवर अर्धा तास. चाखलं. चव आहे, दाटपणा आहे, पण अजून गोडाकडे झुकतंय. एक छोटा चमचा शेरी व्हिनेगर (शेरी या स्पॅनिश वाइनचा सिरका) टाकलं आणि सूप एकदम सरळ उभं राहिलं. आंबट लागत नाही, फक्त गोडी मागे सरते. मीठ त्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा, कारण आंबटपणा येण्याआधी मीठ घातलं तर ते हमखास जास्त पडतं.

आई म्हणाली, "आता उरतंय मागे."

रात्री भांडी घासताना विचार करत होते. हे सूप पॅरिसच्या ले आल या घाऊक बाजाराशी जोडलेलं आहे. वास्तुकार व्हिक्टर बाल्तारच्या लोखंडी-काचेच्या मंडपांतला तो बाजार रात्रभर चालायचा, आणि ओझी वाहणारे हमाल, विक्रेते, नाटक-नाचाहून परतणारे लोक, सगळे पहाटे तिथल्या खानावळींत चीज घातलेलं हेच सूप खायचे. 'ग्रातिने दे आल' हे नाव त्यावरूनच. बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर राँजीसला गेला, मंडप पुढे पाडले, पण १९४७ मध्ये उघडलेलं ओ प्ये द कोशाँ हे रेस्टॉरंट त्याच भागात आहे आणि तिथे हे सूप अजून मिळतं.

पहाटे तीन वाजता थंडीतून आलेल्या हमालासमोर कुणी दोन तास कांदा परतत बसणार नाही. गिऱ्हाईक येण्याआधी स्टॉक तयार, कांदा तयार, पाव कोरडा करून ठेवलेला, चीज किसलेलं, आणि मागणी आली की वाडग्यात भरून आचेखाली सरकवायचं. रेस्टॉरंटच्या सूपमागचं गुपित मी इतके दिवस एखाद्या जिनसात शोधत होते. ते कामाच्या मांडणीत आहे. घरी आपण सगळं एका संध्याकाळी उरकायला जातो, सात वाजता भूक लागते आणि कांद्याचा शेवटचा तास, स्टॉकचे शेवटचे दोन तास कापले जातात.

म्हणून इथून पुढे तीन वेगळे दिवस: स्टॉक, कांदा, वाढणं. आजचं उरलेलं सूप फ्रिजमध्ये ठेवलंय.

सोमवार, २० जानेवारी

कालचं सूप गरम केलं. कालच्यापेक्षा चांगलं. स्टॉक आणि कांदा काल वेगवेगळे लागत होते, आज एक झाले आहेत.

बुधवार, २२ जानेवारी

ताई मांसाहार करत नाही, आणि १ तारखेला ती येणार आहे. तिच्यासाठी वेगळा स्टॉक: सुके मशरूम ३० ग्रॅम, भाजलेली गाजरं आणि सेलरी, टोमॅटो पेस्ट पातेल्यात गडद होईपर्यंत परतून, आणि कांद्याची स्वच्छ धुतलेली कोरडी सालं रंगासाठी. दीड लिटर पाणी, पाऊण तास. सुक्या मशरूममधलं ग्वानिलेट आणि टोमॅटोतलं ग्लुटामेट हे चव देणारे पदार्थ एकमेकांना वाढवतात, त्यामुळे चव अपेक्षेपेक्षा भरदार. दाटपणा मात्र नाही. तो आणायला कांदा तयार झाल्यावर एक चमचा मैदा टाकून दोन मिनिटं परतला, मग स्टॉक. जिलेटिनसारखा नाही, पण सूप पाणचट राहत नाही.

चीजचा प्रश्न तिला फोनवर विचारला, कारण स्वित्झर्लंडचं अस्सल ग्रुयेर वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात.

"अगं, मग मला ते नको. दुसरं काही असेल तर बघ, नाहीतर नुसत्या पावावर देशील तरी चालेल," ताई म्हणाली.

शाकाहारी रेनेटचं, एमेंटालच्या जातीचं चीज आणून ठेवलंय. पाककृतींत "शाकाहारी ओनियन सूप" म्हणून भाजीचा स्टॉक सांगतात आणि वर खुशाल ग्रुयेर घालायला लावतात. ज्याला जेवायला बोलावलंय त्याला हे आधी सांगायला हवं.

शनिवार, २५ जानेवारी

पाव आणि चीज. सूप मागच्या रविवारचं, नंतर फ्रीझरमध्ये ठेवलेलं.

पाव: बगेटचे, म्हणजे लांब फ्रेंच पावाचे, दोन सेंटिमीटर जाड काप. एक भाग टोस्टरमध्ये भाजला, एक भाग १५० अंशांच्या ओव्हनमध्ये ३० मिनिटं, मध्ये उलटून. टोस्ट वरून कडक पण आतून ओला, सूपवर ठेवताच दोन मिनिटांत बुडाला आणि चीज घेऊन खाली गेला. ओव्हनमधला आतपर्यंत कोरडा, सूप हळूहळू शोषतो आणि तरंगत राहतो. गरम असताना त्यावर लसणीची पाकळी एकदा घासली. तेवढी पुरते.

चीज तीन प्रकारांनी. आठ-दहा महिने मुरलेलं ग्रुयेर उत्तम वितळलं, वास खमंग. दीड वर्षाहून जुनं कोंते हे फ्रेंच चीज चवीला त्याहून चांगलं, पण आचेखाली तेल सुटलं आणि रवाळ झालं. फार मुरलेल्या चीजमधली प्रथिनं मोडलेली असतात, ती चरबी धरून ठेवत नाहीत. ते चवीपुरतं थोडं. आणि पाकिटातलं आधीच किसलेलं चीज: त्याला गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च लावलेला असतो, ते एकजीव वितळलंच नाही. शेवटी ठरलेलं माप: एका वाडग्याला ४० ग्रॅम ग्रुयेर, १० ग्रॅम जुनं कोंते, दोन्ही जाड किसलेलं. थोडं पावाखाली, बरंचसं वर, आणि काही मुद्दाम वाडग्याच्या काठावर. काठाला चिकटून भाजलेली ती कुरकुरीत कड सगळ्यांना हवी असते.

एक वाडगा फुटला. फ्रिजमधून नुकताच काढलेला, आणि ओव्हनमध्ये चालतो की नाही हे न तपासता ग्रिलखाली ठेवला. खालपर्यंत चीर गेली, सूप ट्रेमध्ये. कुणाला लागलं नाही. पुढे हे पक्कं: ग्रिलची आच सोसतील असेच चिनी मातीचे वाडगे, आधी गरम पाण्याने कोमट केलेले, आणि सगळे एका ट्रेवर. सूप वाडग्यात जाताना उकळतं हवं. ग्रिल फक्त वरचं भाजते, खालचं थंड सूप गरम करायला गेलं तर तोवर चीज जळतं.

गुरुवार, ३० जानेवारी

कोंबडीचा स्टॉक पुन्हा, १८ तारखेसारखाच, या वेळी पाच तास. फरक जाणवला नाही. चारच तास पुरेत.

शुक्रवार, ३१ जानेवारी

सहा जणांचा कांदा, सोललेला २२०० ग्रॅम. एवढा एका पातेल्यात शेगडीवर केला तर तो भाजण्याऐवजी वाफेतच शिजत राहतो. म्हणून ओव्हन: जाड झाकणाचं भांडं, २०० अंश, एक तास झाकून, मग झाकण तिरपं ठेवून दीड तास, मध्ये दोनदा ढवळून कडेला लागलेलं आत ओढून. या अडीच तासांत मी पाव कोरडा करायचं सोडून बाकी सगळी तयारी केली. मग भांडं शेगडीवर, चार खरवडी, शेवटची शेरीची. वजन ५८५ ग्रॅम. हात कमी लागला, रंग तितकाच खोल. जास्त लोकांसाठी हीच पद्धत.

ताईचा वाटा वेगळ्या पातेल्यात काढून ठेवला, तिचा स्टॉक उद्या.

शनिवार, १ फेब्रुवारी

सहा चाळीसला दोन्ही सुपं शेगडीवर, अर्धा तास मंद. पाव ओव्हनमध्ये. सात दहाला व्हिनेगर, मीठ, मिरपूड. थाईमच्या काड्या आणि तमालपत्र काढलं. ग्रिल दहा मिनिटं आधी तापवली. वाडगे काठाच्या बोटभर खाली भरले, कारण फार खाली भरलं तर चीज पावासकट घसरून आत पडतं. पाव, चीज, ट्रे ग्रिलपासून साधारण १२ सेंटिमीटर खाली. चार मिनिटांनी बुडबुडे, साडेपाच मिनिटांनी गडद डाग. ताईचा वाडगा वेगळ्या ट्रेवर, तिचं चीज लवकर वितळलं, चार मिनिटांतच बाहेर काढलं.

वाढायला सुरुवात केल्यापासून टेबलावर जाईपर्यंत चौदा मिनिटं.

ताईने पहिला चमचा घातला, चीजची तार ओढत गेली, ती तोडायला तिने दुसऱ्या हातातला चमचा वापरला. "माझ्यातही तसंच आहे ना, तुमच्यासारखं?" तिने आईच्या वाडग्यातल्या सुपाकडे पाहत विचारलं. रंग सारखाच होता. दाटपणा थोडा कमी, हे मी तिला सांगितलं.

आईने काठावरची भाजलेली कड आधी खरवडून खाल्ली, मग पाव फोडला. जेवण संपेपर्यंत ती सुपाबद्दल काही बोलली नाही. उठताना म्हणाली, "पुढच्या वेळी कांदा जास्त कर, थोडा नुसता ठेवून दे मला."

कांद्याचे १२० ग्रॅम उरले होते. दोन पुड्या करून फ्रीझरमध्ये टाकल्या, वर तारीख घातली. स्टॉक अर्धा लिटर, तोही. एका माणसाचं सूप आता कधीही वीस मिनिटांत होईल, पाव कोरडा असला तर.